ॲपमध्ये उधारी आहे का?

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शिक्षणसंस्थांची संचालक मंडळे व मुख्याध्यापक यांस

विषय: उद्योजकता शिकवणाऱ्या सिम्युलेशन ॲपची खरेदी

सप्रेम नमस्कार.

उद्योजकता शिकवणारी ॲप घेऊन येणारी माणसं हल्ली आपल्या शाळांच्या पायऱ्या चढू लागली आहेत. टॅबवर मुलाला एक खोटं दुकान आणि खोटं भांडवल मिळतं. तो माल भरतो, दर ठरवतो, जाहिरात करतो आणि अर्ध्या तासात वर्षभराचा धंदा करून मोकळा होतो. बुडाला तर पुन्हा पहिल्यापासून. खर्च दर विद्यार्थ्यामागे वर्षाला अमुक इतका. आपल्यापैकी काही संस्थांनी होकार दिलाय, काहींच्या पुढच्या बैठकीत विषय आहे, असं कानावर आलं म्हणून हे पत्र.

मी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपांचे हिशेब लिहितो, त्यांचा जीएसटी भरतो. शिकलो आपल्यातल्याच एका शाळेत, मराठी माध्यमात. शिक्षणशास्त्र माझा विषय नाही, पण चालता धंदा कशाने बसतो हे मला रोज बघायला मिळतं. त्या जोरावर एवढंच सांगतो: ॲप जरूर घ्या, पण ज्यात उधारी नाही ते घेऊ नका.

एका शाळेत मला असं प्रात्यक्षिक बघायला बोलावलं होतं. नववीची मुलं, दोघांत एक टॅब, आणि खेळ लिंबू सरबताच्या गाड्याचा. आजचं हवामान बघायचं, किती ग्लास करायचे, दर काय लावायचा, जाहिरातीच्या पाट्या किती लावायच्या ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. (यात नवीन काही नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या शाळांसाठी 1973 मध्येच संगणकावर हा सरबताचा धंदा आला होता आणि त्यातही हवामान, ग्लास, दर, पाट्या हेच होतं. रंग आणि संगीत तेवढं नवं. खानापुरात जुलै महिन्यात लिंबू सरबत विकायला बसणाऱ्याला कुठलं ॲप वाचवणार, हा प्रश्न वेगळाच.) थोड्याच वेळात मागच्या बाकावरच्या एका पोराला गोम कळली. दर 12 ठेवायचा, ऊन असलं की 80 ग्लास, ढग असले की 40, बाकी कशाला हात लावायचा नाही. मग तो नुसता बटण दाबत सुटला. शेजारच्यांनी त्याची नक्कल केली. तास संपला तेव्हा निम्मा वर्ग लखपती झाला होता आणि ॲपवाले साहेब खूश होते.

मी त्या पोराला विचारलं, "गिऱ्हाईक म्हणालं पैसे उद्या देतो, तर रे?"

त्यानं स्क्रीन वरखाली सरकवून बघितली. "तसलं बटणच नाही की हो सर यात."

त्याच्या वडिलांचं गावात किराणा दुकान आहे. उधारीची वही संध्याकाळी तोच लिहितो. कुणाचे किती राहिलेत, कुणाला अजून द्यायचं आणि कुणाला आता "बाबा नाहीत, नंतर या" म्हणायचं, हे सगळं त्याला येतं. शाळेनं पैसे मोजून आणलेल्या खेळात मात्र त्याच्या या ज्ञानाला कुठे जागाच नव्हती.

आता उद्यमबागेत या. आकडे सोपे करून सांगतो. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दोन कामगार असलेला माणूस. मोठ्या कारखान्याकडून 1,00,000 रुपयांची ऑर्डर मिळाली. कास्टिंग (ओतीव भाग) आणि इतर माल 45,000 चा, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,100. मजुरी 20,000. वीज आणि किरकोळ खर्च 10,000. कागदावर नफा 25,000, म्हणजे चांगलाच. माल गेला, 1,18,000 चं बिल झालं, पैसे यायचे 90 दिवसांनी. इकडे फाउंड्रीवाला कास्टिंगचे पैसे रोख मागतो, कामगारांना शनिवारी पगार लागतो, वीजबिल महिन्याला येतं. जीएसटी तर बिल फाडलं की लागूच, तुमच्या हातात पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. आधी भरलेल्या 8,100 ची वजावट घेऊन वर 9,900 भरावे लागतात. बेरीज करा: 93,000 रुपये खिशातून गेले आणि एक रुपया आला नाही.

काम चांगलं झालं म्हणून पुढच्या महिन्यात तेवढीच दुसरी ऑर्डर मिळते, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरी. तिसऱ्या ऑर्डरचा जीएसटी भरेपर्यंत वहीत नफा दिसतो 75,000 आणि खिशातून गेलेले असतात 2,79,000. पहिल्या बिलाचे पैसे अजून वाटेतच. ॲपमध्ये विक्री वाढली की आकडा हिरवा होतो. इथे विक्री वाढली की बायकोचे दागिने सोसायटीत जातात. माझ्याकडे वह्या आणून टाकणाऱ्यांपैकी जे बसले, त्यातले बहुतेक काम नव्हतं म्हणून बसलेले नाहीत. काम होतं, पैसा अडकला होता. फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर, "देतो की हो, पळून जातोय व्हय?"

कायदा आहे, नाही असं नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. 2017 मध्ये तक्रारीसाठी सरकारचं समाधान पोर्टल सुरू झालं. 2024-25 या कर आकारणी वर्षापासून तर मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच धरता येते. हे सगळं मी वर्कशॉपवाल्यांना सांगतो. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, राहू द्या, पुढची ऑर्डर जाईल. आता हा पेच नववीतल्या पोरापुढे ठेवून बघा: तक्रार करायची, गप्प बसायचं, आगाऊ रक्कम मागायची, दोन टक्के सूट देऊन लवकर पैसे घ्यायचे, की ऑर्डरच लहान घ्यायची? याचं एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणूनच ते खेळात हवं. दर 12 ठेवून बटण दाबत सुटायची सोय त्यात राहत नाही.

सिम्युलेशनच्या मी विरोधात आहे असं कुणी समजू नये. उलट जे पुस्तकातून कधीच कळत नाही ते खेळातून कळतं, हे मी बघितलंय. व्यवस्थापनाच्या शिक्षणात हा प्रकार जुना आहे. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशननं 1956 मध्ये व्यवस्थापकांसाठी निर्णयांचा खेळ तयार केला, त्यामागे नौदलाच्या युद्धखेळांची कल्पना होती. पुढे अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक जे राइट फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरवठासाखळीचा एक खेळ बसवला. त्याचं नाव बिअर गेम. आपल्या शाळांत हे नाव चालणार नाही म्हणून मी त्याला गोळी सोड्याचा खेळ म्हणतो. त्याला टॅब लागत नाही, इंटरनेट लागत नाही. चिठ्ठ्या आणि चार रांगा पुरतात.

पहिली रांग दुकानदार, दुसरी घाऊक व्यापारी, तिसरी वितरक, चौथी कारखाना. प्रत्येकाजवळ सोड्याचे थोडे क्रेट. दर फेरी म्हणजे एक आठवडा. गिऱ्हाईक फक्त दुकानदाराला दिसतं. बाकीच्यांना दिसते ती पुढच्या रांगेतून आलेली ऑर्डरची चिठ्ठी, बोलायला बंदी. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी दोन आठवडे. क्रेट पडून राहिला तर आठवड्याला अर्धा रुपया खर्च, मागणी असून माल नसला तर एक रुपया. गिऱ्हाईक सुरुवातीला आठवड्याला 4 क्रेट मागतं, मग एकदाच 8 मागायला लागतं आणि शेवटपर्यंत 8 वरच राहतं. एवढाच बदल.

आणि तेवढ्यावर वर्गात जो गोंधळ माजतो तो बघण्यासारखा असतो. दुकानदार घाबरून 12 मागवतो. माल येत नाही म्हणून पुढच्या वेळी 16. घाऊक व्यापारी ते बघून 25 मागवतो. कारखान्यापर्यंत आकडा कुठल्या कुठे जातो, कारखाना रात्रपाळी लावतो, आणि मग सगळा माल एकदम येऊन पडतो. पुढचे कितीतरी आठवडे कुणी काही मागवतच नाही. खेळ संपल्यावर कारखान्याच्या रांगेतल्या मुलांना विचारा, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती? ती हवेत हातानं डोंगर-दऱ्या काढून दाखवतात. खरी मागणी फळ्यावर लिहिली की आधी शांतता, मग दुकानदारांवर आरडाओरडा. दुकानदार म्हणतात, आम्ही काय केलं, तुम्हीच माल पाठवला नाही. चारही रांगा शहाण्यासारख्या वागल्या आणि तरी सगळ्यांचं नुकसान झालं, हे त्यांना त्या भांडणात उमजतं. बाहेरगावच्या कारखान्याकडून कास्टिंगची मागणी एका महिन्यात दुप्पट आणि पुढच्या महिन्यात शून्य का होते, हे उद्यमबागेतल्या कित्येक मालकांनाही असं कधी कुणी दाखवलेलं नाही.

या सगळ्यात शिकणं घडतं ते शेवटच्या भांडणात, क्रेट सरकवताना नव्हे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडलं: अनुभव, त्यावर विचार, त्यातून नियम, मग पुन्हा प्रयोग. लिंबू सरबताच्या तासाला घंटा झाली, टॅब गोळा झाले, मुलं पळाली. विचाराला वेळच नव्हता. ॲपवाल्यांच्या वेळापत्रकात तो नसतोच, कारण त्यांना पडद्यावर घालवलेली मिनिटं मोजायची असतात. तेव्हा ॲप घेणार असाल तर खेळाच्या एका तासाला चर्चेचा एक तास जोडून द्या, आणि तो तास गणिताच्या किंवा समाजविज्ञानाच्या शिक्षकाकडे द्या, संगणक कक्षाच्या सहायकाकडे नको. जागाही तयार आहे. कर्नाटकाच्या दहावीच्या समाजविज्ञानात व्यवसाय अध्ययन हा विभाग आहे, त्यात बँक व्यवहार आणि उद्योजकता हे पाठ आहेत. परीक्षेपुरती व्याख्या पाठ करून आपण ते उरकतो. गोळी सोड्याचा खेळ तिथे सहज बसेल.

भाषेबद्दल बोलायला हवं, कारण आपल्या संस्था टिकल्यात त्या भाषेसाठी. दाखवायला आणलेली ॲप इंग्रजीत, फार तर हिंदीत. आपण म्हणणार मराठीत करून द्या, आणि ते बरोबरच आहे; विचार करायची भाषा मराठीच हवी. पण मी त्याच्यापुढे जाऊन म्हणतो की नुसतं मराठीही पुरणार नाही. आपल्या पोराचा धंदा इथे चालायचा तर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याशी मराठीत बोलणं, गोकाकच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये घासाघीस, महापालिकेच्या परवान्याचा अर्ज कन्नडमध्ये आणि जीएसटीचं बिल इंग्रजीत. हे आमचे लोक रोज करतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मग खेळातही तसंच असू द्या. सूचना आणि चर्चा मराठीत, परवान्याची नोटीस कन्नडमध्ये येऊ दे, बिल इंग्रजीत फाडू दे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत पोरांनी कन्नड नोटिशीचं उत्तर लिहायला शिकायचं थांबावं, असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. मुलग्यांपेक्षा मुलींना हे चटकन जमतं, असाही माझा अंदाज आहे. आमच्याकडच्या बचत गटांच्या बँकेतल्या खेपा बघा.

आणि लिंबू सरबतच कशाला? खेळाला लागणारा कच्चा माल आपल्याकडे पोत्यानं पडलाय. ऊस घ्या. ऊस नियंत्रण आदेश 1966 नुसार कारखान्यानं ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या 14 दिवसांचं प्रत्यक्षात काय होतं हे हुक्केरी-चिकोडीकडच्या कुठल्याही ऊसवाल्याच्या पोरीला विचारा, आणि तिलाच त्या फेरीचे नियम लिहायला सांगा. निपाणीत आई बिड्या वळत असेल तर छाट म्हणजे काय हे पोराला पहिलीतच कळलेलं असतं: बिड्या मोजून दिल्या, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या, त्यांची मजुरी गेली. गुणवत्ता कोण ठरवतं आणि न पटल्यास दाद कुठे मागायची, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या कुठल्याही वर्गात शोभेल. याच निपाणीत 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक भावासाठी रस्त्यावर बसले होते. दर कोण ठरवतं हे आपल्या भागानं तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकलंय. ॲपमध्ये मात्र दर नेहमी विकणाऱ्याच्या हातात असतो, सरकपट्टी ओढली की झालं.

किंवा अथणीची चप्पल. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो दोन्ही राज्यांना मिळून, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, त्यात आपला बेळगाव. नाव कोल्हापूरचं, कित्येक जोड्या शिवल्या जातात अथणी तालुक्यात. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि केवढा गदारोळ झाला. आता नववीच्या मुलाला कारागीर करा. कातडं रोखीनं आणायचं, जोडी शिवायला दिवस जाणार. व्यापारी कमी दर देतो पण शंभर जोड्या उचलतो, पैसे दिवाळीनंतर. ऑनलाइन विकली तर दर जास्त, पण माप चुकलं म्हणून परत आलेल्या जोडीचा खर्च तुमचा. पाच फेऱ्यांत कातड्याला पैसे पुरले पाहिजेत. हा खेळ चार कागदांवर बसतो, आणि खरा आहे.

कुणी म्हणेल, मग खेळ हवेतच कशाला, पोरांना सरळ धंदाच करू द्या. दिल्ली सरकारनं 2021 मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी 2,000 रुपये भांडवल देऊन ते करून बघितलं. आपल्याकडेही मेट्रिक मेळा भरतो, शाळेच्या पटांगणात पोरं भाजी, भेळ, कोकम सरबत विकतात, पालक कौतुकानं घेतात. छान असतं ते. पण आई गिऱ्हाईक असते, माल घरातला असतो, तेलाचा खर्च कुणी धरत नाही आणि संध्याकाळी सगळा गल्ला नफा म्हणून मोजला जातो. तिथेही नव्वद दिवस थांबणं नसतं. महिने-वर्षं एका तासात आणून दाखवणं हे सिम्युलेशनलाच जमतं, तेवढ्यासाठी ते हवं.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पटसंख्या घटतेय, समोरच्या इंग्रजी शाळेच्या फलकावर रोबोटिक्स लिहिलंय, म्हणून आपल्या फलकावरही काहीतरी हवं, ही अडचण मला कळते. पण ॲपच्या नावानं प्रवेश वाढतात असं मला तरी कुठे दिसलेलं नाही. आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांत नेटवर्क शोधायला पोरं टेकाडावर जातात, तिथे ऑनलाइन खेळाची वर्गणी भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. ऑफलाइन चालत नसेल तर त्या शाळांच्या नावावर वर्गणी लावूच नका.

तेव्हा विनंती अशी. पैसे भरण्याआधी ॲपवाल्याला बैठकीत बसवा आणि त्याच्याकडून एक फेरी आपल्यासमोर खेळून घ्या, वर्कशॉपच्या वर दिलेल्या आकड्यांनी. माल आज, पैसे 90 दिवसांनी, पगार शनिवारी, जीएसटी पुढच्या महिन्यात. त्याच्या ॲपला हे दाखवता आलं तर मी स्वतः दोन शाळांच्या वर्गणीसाठी उद्यमबागेत झोळी घेऊन फिरेन. नाही आलं, तर "पुढच्या आवृत्तीत येईल" यावर सही करू नका. आवृत्ती आली की पुन्हा बोलवा.

तोवर गोळी सोड्याच्या चिठ्ठ्या मी छापून देतो, कागदाचा खर्च माझा. वर्कशॉपच्या तीन-चार जुन्या वह्या मालकांच्या संमतीनं, नावं झाकून, झेरॉक्स करून देतो, म्हणजे मुलांना खरं येणं-देणं बघता येईल. ज्या शाळेला हवं तिनं नववीचे दोन सलग तास मोकळे ठेवावेत, सहामाहीच्या आधी किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि एक शिक्षक शेवटपर्यंत वर्गात बसेल एवढं बघावं. महिन्याच्या 10 ते 20 तारखेत मात्र मला बोलावू नका, तेव्हा सगळ्यांचे जीएसटी भरायचे असतात.

आपला,
उद्यमबागेत हिशेब लिहिणारा एक माजी विद्यार्थी
बेळगाव